पार्सरच्या पुढचा कंपायलर

इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारा, कंपायलरमध्ये काय शिकलात? फर्स्ट आणि फॉलोचे संच, एलएल(१)चं टेबल, एलआर(०)च्या आयटमचे चौकोन, शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, ही उत्तरं ठरलेली असतात. गेटच्या पेपरातही हा भाग लाडका, कारण त्याचं उत्तर एका आकड्यात बसतं आणि तपासायला सोपं जातं. प्रॅक्टिकलला लेक्स आणि याक वापरून कॅल्क्युलेटर करायचा, जर्नल पूर्ण करायचं, ओरलला कंपायलर आणि इंटरप्रिटरमधला फरक सांगायचा, की विषय सुटला. पुढे चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर यातल्याच एखाद्याला खरोखर एक छोटी भाषा करून बघावीशी वाटते. तो उत्साहाने व्याकरण लिहितो, पार्सर उभा करतो, पडद्यावर झाड छापून मित्रांना दाखवतो. आणि तिथे गाडी अडते. गिटहबवर असे अर्धवट प्रकल्प पोत्याने सापडतील, आणि त्यातले बरेचसे एकाच जागी थांबलेले दिसतील: पार्सर संपतो तिथे.

म्हणून कंपायलर लिहायला शिकण्याच्या वाटा तपासताना एकच प्रश्न लावून धरलेला बरा. ही वाट शिकणाऱ्याला पार्सरच्या पलीकडे नेते का, आणि नेत असेल तर किती लवकर?

गंमत अशी, की पहिल्या मोठ्या कंपायलरमध्ये पार्सिंग हा मुख्य प्रश्न नव्हताच. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ साली फोरट्रानचं काम सुरू केलं आणि १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी कंपायलर बाहेर काढला. हाताने मशीन कोड लिहिणारी त्या वेळची मंडळी पक्की संशयी होती. यंत्राने तयार केलेला कोड आपल्या कोडइतका वेगवान असणं शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि तोवरचा अनुभवही तसाच होता. त्यामुळे गटाची बहुतेक ताकद कोड वेगवान करण्यावर खर्ची पडली. ७०४मध्ये इंडेक्स रजिस्टर तीनच होते. कोणतं मूल्य रजिस्टरमध्ये ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे ठरवण्यासाठी लोइस हेट यांनी प्रोग्राममधला कुठला भाग किती वेळा चालेल याचा अंदाज काढणारा टप्पा लिहिला, आणि शेल्डन बेस्ट यांनी त्या अंदाजावर रजिस्टर वाटण्याचा.

आणि गणिती पदावलीचं काय? गुणाकार आधी, बेरीज नंतर, हे यंत्राला कसं कळलं? त्यासाठी कंस घालण्याची एक युक्ती वापरली होती. तिचं सोपं रूप असं. पदावलीच्या सुरुवातीला दोन उघडे कंस घाला, शेवटी दोन बंद. प्रत्येक बेरजेच्या चिन्हाआधी दोन बंद आणि नंतर दोन उघडे. गुणाकाराच्या आधी एक बंद, नंतर एक उघडा. 'अ + ब * क' याचं होतं '((अ))+((ब)*(क))'. कंस बरोबर जुळतात आणि गुणाकार आपोआप आधी येतो. ना झाड, ना टेबल. ही युक्ती कागदावर दोन-तीन पदावल्यांवर करून बघावी. पार्सिंगबद्दलची निम्मी भीती तिथेच जाते.

पार्सिंगला आजचं वजन आलं ते नंतर. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांची उतरंड मांडली. अल्गोल ६० या भाषेचं व्याकरण बॅकस यांच्या पद्धतीने लिहिलं गेलं आणि पीटर नाउर यांनी त्या पद्धतीला घोटीव रूप दिलं. (१९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवलं होतं, की अशी पद्धत पाणिनीने फार आधी वापरली होती, तेव्हा तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणावं. आपल्याकडच्या भाषणांत ही गोष्ट फार वाजवली जाते. ती खरी आहे, पण तिने कुणाचा पार्सर पुरा झाल्याचं ऐकिवात नाही.) डोनाल्ड नुथ यांनी १९६५ साली एलआर पार्सिंग मांडलं, फ्रँक डीरेमर यांनी १९६९ साली त्याची मेमरीत मावेल अशी एलएएलआर आवृत्ती काढली, आणि १९७५ साली बेल लॅब्समधल्या स्टीव्हन जॉन्सन यांच्या याकमुळे ही विद्या कुणालाही वापरता येऊ लागली. व्याकरण द्या, पार्सर घ्या. शुद्ध गणितातून इतकं हातात घेण्याजोगं साधन निघाल्याची उदाहरणं संगणकशास्त्रात थोडीच आहेत. प्राध्यापकांना या प्रकरणाचं प्रेम वाटलं तर नवल नाही.

या प्रेमाचा ग्रंथ म्हणजे 'ड्रॅगन बुक'. अल्फ्रेड आहो आणि जेफ्री उलमन यांचं हिरव्या ड्रॅगनचं पुस्तक १९७७चं. १९८६ साली रवी सेथी त्यात आले आणि ड्रॅगन लाल झाला. २००६ साली मोनिका लॅम यांच्यासह निघालेली दुसरी आवृत्ती जांभळ्या ड्रॅगनची. सेथी आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. आहो आणि उलमन यांना २०२० सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता. पुस्तकाला नावं ठेवण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. जांभळ्या आवृत्तीत बारा प्रकरणं आहेत आणि शेवटची चार निव्वळ ऑप्टिमायझेशनची: डेटा फ्लो, समांतरता, एका फंक्शनच्या हद्दीपलीकडचं विश्लेषण. पण सेमिस्टर चौथ्या-पाचव्या प्रकरणातच संपतं. दोष पुस्तकापेक्षा सिलॅबसचा आहे, आणि सिलॅबसपेक्षाही परीक्षेचा. पार्सिंग टेबलवर दहा मार्कांचा प्रश्न काढता येतो, 'चालू स्थितीतला कंपायलर आणून दाखवा' असा काढता येत नाही.

दरम्यान धंद्यात काय झालं ते बघण्यासारखं आहे. जीसीसीने आपला सी प्लस प्लसचा, बायसनवर (म्हणजे याकच्याच जातीच्या साधनावर) चालणारा पार्सर २००४ साली फेकून दिला आणि हाताने लिहिलेला घेतला. २००६ साली सीच्या पार्सरचीही तीच गत झाली. क्लँगचा पार्सर पहिल्यापासून हाताने लिहिलेला. गो भाषेने २०१६ साली याक सोडला. उलट बाजूही आहे: पोस्टग्रेस आजही बायसनचं व्याकरण वापरतं, आणि पायथॉनने ३.९पासून व्याकरणावरून पार्सर बनवणारं नवं यंत्र घेतलं. पण मोठ्या भाषांचा कल दिसतो तो हाताने लिहिण्याकडे. चुकीचा प्रोग्राम दिल्यावर 'इथे अर्धविराम राहिला' असं माणसाला कळेल असं सांगायचं असेल, तर टेबलापेक्षा स्वतः लिहिलेलं फंक्शन वाकवणं सोपं जातं.

हाताने लिहायचं म्हणजे रिकर्सिव्ह डिसेंट. इफसाठी एक फंक्शन, व्हाइलसाठी एक, ब्लॉकसाठी एक. ती एकमेकांना बोलावतात. अडचण फक्त पदावल्यांची, आणि तिच्यासाठी वॉन प्रॅट यांनी १९७३ साली मांडलेली पद्धत आहे. प्रत्येक चिन्हाला एक वजन द्यायचं: वजाबाकीला १०, गुणाकाराला २०. पदावली वाचणाऱ्या फंक्शनला एक किमान वजन सांगायचं. ते आधी एक संख्या किंवा नाव उचलतं. मग पुढचं चिन्ह किमान वजनापेक्षा भारी असेल तोवर ते चिन्ह घेतं, आणि उजवी बाजू वाचायला स्वतःलाच त्या चिन्हाचं वजन देऊन बोलावतं. 'अ - ब - क' घ्या. सुरुवात शून्यापासून. पहिली वजाबाकी शून्यापेक्षा भारी, म्हणून घेतली, आणि उजवीकडे किमान १० सांगून पाठवलं. तिथे ब मिळाला; पुढची वजाबाकी १०ची, १०पेक्षा भारी नाही, म्हणून तिथेच थांबून परत. 'अ - ब' बांधलं गेलं, मग 'वजा क'. बरोबर डावीकडून. दुसऱ्या वजाबाकीच्या जागी गुणाकार असता तर तो २०चा, म्हणून आतच घेतला गेला असता. घातासारखं उजवीकडून बांधायचं चिन्ह असेल तर एक कमी वजन सांगून पाठवायचं. सगळा मामला पंधरा-वीस ओळींचा. सुट्टीच्या एका दिवसात एवढं होतं, आणि पार्सरला यापेक्षा फार जास्त वेळ पहिल्या खेपेला देऊच नये.

ही साधी, हाताने करण्याची वाट मुळात निकलाउस विर्थ यांची. पास्कल भाषेच्या या जनकाने १९७६च्या आपल्या पुस्तकात पीएल/० नावाच्या चिमुकल्या भाषेचा आख्खा कंपायलर काहीशे ओळींत छापला. पुढे १९९६ साली कंपायलरवर स्वतंत्र छोटं पुस्तक लिहिलं. विर्थ यांच्या कंपायलरची एक कसोटी त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे. नवीन ऑप्टिमायझेशन घातल्यावर कंपायलर स्वतःला पूर्वीपेक्षा लवकर कंपाइल करत असेल तरच ते ठेवायचं. इतका कंजूस नियम आज कुणी पाळणार नाही, पण शिकणाऱ्याने पाळावा असा आहे.

याच घराण्यातला जॅक क्रेनशॉ. १९८८पासून १९९५पर्यंत त्याने सोळा भागांची लेखमाला लिहिली, टर्बो पास्कलमध्ये, मोटोरोला ६८०००साठी असेंब्ली छापणारी. पहिल्या काही पानांत एक अंक वाचून त्याचा चालणारा कोड निघतो, आणि वाचणाऱ्याच्या मनातला कंपायलरचा धाक उतरतो. प्रोग्रामर मंडळींमध्ये ती अजून वाचली जाते. मात्र तिचा एक दोष फारसा कुणी सांगत नाही. क्रेनशॉ झाड बांधतच नाही. वाचता वाचता असेंब्ली छापत जातो. बेरीज-गुणाकारापर्यंत हे मस्त चालतं. पण प्रकार आले, म्हणजे इथे पूर्णांक, तिथे लाँग, की प्रत्येक ठिकाणी 'आत्ताच काय छापलं होतं' याचा हिशेब ठेवावा लागतो. झाड हाताशी असतं तर त्यावरून दुसरी फेरी मारता आली असती. लेखमाला पुरी झालीच नाही. तिचे पहिले सात-आठ भाग वाचावेत आणि मग झाड बांधायला घ्यावं.

अलीकडच्या पिढीची आवडती वाट इंटरप्रिटरची आहे. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचं २०२१चं 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स' वेबवर फुकट वाचता येतं. लॉक्स नावाची एकच भाषा त्यात दोनदा बांधली आहे: आधी जावात झाडावर चालणारी, मग सीमध्ये बाइटकोडवर चालणारी, कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेसकट. पुस्तकातली ओळ न् ओळ चालते. शिकवण्याची कला म्हणून मी ते या यादीत सगळ्यात वर ठेवीन. थॉर्स्टन बॉल यांची गो भाषेतली दोन पुस्तकंही याच जातीची. पण बाइटकोडचं यंत्र आपणच बनवलेलं असतं, म्हणून ते आपल्या सोयीचं असतं. त्याला हवा तेवढा स्टॅक आहे, रजिस्टरची मारामार नाही, आणि फंक्शनला कसं बोलवायचं हे आपणच ठरवलेलं. खऱ्या प्रोसेसरला आपली सोय ठाऊक नसते.

याचं एक उदाहरण जवळून बघू, कारण पुस्तकांत ते एका ओळीत उरकलेलं असतं आणि शिकणाऱ्याची त्यावर रात्र जाते. लिनक्सवर ६४ बिटच्या इंटेल प्रोसेसरसाठी कोड काढणारा सगळ्यात भाबडा कंपायलर घ्या. बेरीज करायची तर एक बाजू मोजून स्टॅकवर पुश, दुसरी बाजू मोज, पहिली पॉप कर, मिळव. '१ + २' चालतं. 'मोज(२)' हा फंक्शन-कॉलही चालतो. '१ + मोज(२)' हेही चालतं, कारण मोज आपलंच, साधं फंक्शन आहे. मग त्या जागी कुणी प्रिंटएफला बोलावतो आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो. ॲड्रेस बरोबर, आर्ग्युमेंट बरोबर, डीबगरमध्ये सगळं ठीक दिसतं. मरतो तो लायब्ररीच्या पोटात, आपण न लिहिलेल्या एका सूचनेवर. कारण असं, की या प्लॅटफॉर्मच्या करारात लिहिलेलं आहे: फंक्शनला बोलवायच्या क्षणी स्टॅकचा ॲड्रेस १६च्या पटीत हवा. आपण '१' पुश केला तेव्हा तो आठ बाइटने सरकला. साध्या फंक्शनला त्याचं सोयरसुतक नाही, पण लायब्ररीतल्या काही सूचना एकदम १६ बाइट हलवतात आणि ॲड्रेस त्या पटीत नसेल तर थेट बंद पडतात. उपाय सोपा आहे. आत्ता किती पुश झालेले आहेत याचा कंपायलरने हिशेब ठेवायचा, आणि संख्या विषम असेल तर बोलवण्याआधी आठ बाइट आणखी सरकायचं. पण या एका मारातून शिकणाऱ्याला जे कळतं ते कुठल्याच टेबलातून कळत नाही. कंपायलर भाषेचं व्याकरण पाळतो तसाच यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम आणि दुसऱ्यांच्या कोडशी झालेला एक करारही पाळत असतो.

म्हणूनच मला उलट्या टोकाने शिकवणाऱ्या वाटा जास्त मोलाच्या वाटतात. अब्दुलअझीझ घुलूम यांनी २००६ साली एक निबंध लिहिला. त्यातला पहिला कंपायलर फक्त एक पूर्णांक कंपाइल करतो, बाकी काही नाही. पण तो खरा कंपायलर आहे: स्कीम भाषेतला आकडा घेतो, इंटेलची असेंब्ली काढतो, चालवतो. मग बूलियन, मग एका आर्ग्युमेंटची फंक्शन, मग इफ. अशा चोवीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर हातात चालणारा कंपायलर. कुठला कोड काढायचा हे अडलं तर घुलूम यांचा सल्ला असा, की तेच काम करणारं सीचं फंक्शन लिहा, जीसीसीला असेंब्ली काढायला सांगा आणि वाचा. पार्सरचा प्रश्नच येत नाही, कारण स्कीमचं कंसातलं रूप हेच झाड आहे. इंडियाना विद्यापीठात दीपान्विता सरकार, ऑस्कर वॉडेल आणि केंट डिबविग यांनी २००४ साली मांडलेली 'नॅनोपास' पद्धत याच स्वभावाची: कंपायलर म्हणजे अगदी छोट्या फेऱ्यांची रांग, प्रत्येक फेरी एकच गोष्ट बदलणार, आणि प्रत्येक फेरीनंतरची भाषा नेमकी लिहून ठेवलेली. जेरेमी सीक यांचं २०२३चं 'इसेन्शियल्स ऑफ कंपायलेशन' हे पुस्तक या परंपरेचं आजचं रूप. त्याची एक आवृत्ती पायथॉनसाठीही आहे, त्यामुळे कंसांची ॲलर्जी असलेल्यांनाही सबब उरलेली नाही.

सीच्या लोकांसाठी दोन वाटा. नोरा सँडलर यांचं २०२४चं 'रायटिंग अ सी कंपायलर' हे पुस्तक सीचा मोठा हिस्सा थेट ६४ बिटच्या असेंब्लीपर्यंत नेतं, आणि सोबत चाचण्यांचा संच देतं. रुई उएयामा यांचा चिबिसीसी हा छोटा सी कंपायलर वाचायचा असेल तर अंतिम कोडपासून सुरुवात करू नका; गिटमधला सगळ्यात जुना कमिट उघडा आणि एकेक पुढे या. मुद्दाम तसाच लिहिलेला आहे. पहिल्या कमिटमध्ये तो घुलूमसारखाच फक्त एक आकडा कंपाइल करतो. वर सांगितलेला विषम पुशचा उपायही त्यात सापडेल.

पार्सरच्या पुढे गेल्यावर आणखी एक गोष्ट अंगावर येते: भाषेने स्वतः किती गोष्टी न बोलता सोडून दिल्या आहेत. रवी सेथी आणि उलमन यांची १९७०ची एक युक्ती आहे. पदावली मोजायला कमीत कमी किती रजिस्टर लागतील ते झाडावरून काढायचं. पानाला १, दोन्ही फांद्या सारख्या असतील तर एक जास्त, नसतील तर मोठी ती. आणि मोठी फांदी आधी मोजायची. 'अ + (ब + (क + ड))' डावीकडून मोजत गेलात तर अ, ब, क, ड चारही धरून ठेवावे लागतात, चार रजिस्टर. आतून बाहेर आलात तर दोन पुरतात. सुंदर. पण अ आणि ब ही नुसती नावं नसून फंक्शन-कॉल असतील, आणि दोन्ही पडद्यावर काही छापत असतील तर? क्रम बदलला की छापलेलं बदललं. जावा म्हणते, डावीकडून उजवीकडे, हात लावायचा नाही. सी म्हणते, तुम्ही बघून घ्या. म्हणजे ही युक्ती वापरता येते की नाही हे गणितावर नाही, भाषेच्या कलमावर ठरतं. तसंच चिन्हासह पूर्णांकाचं. सीमध्ये 'क्ष + १ > क्ष' हे लिहिलं तर ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी ते कायम खरं धरून टाकतो, कारण पूर्णांक वाहून गेला तर काय होईल याची जबाबदारी सीने घेतलेलीच नाही. वर्षानुवर्षं सी लिहिणाऱ्यालाही हे पहिल्यांदा कळतं ते स्वतः कंपायलर लिहिताना, जेव्हा 'इथे मी काय करू?' हा प्रश्न पडतो आणि स्टँडर्ड उघडावं लागतं. नोकरीत कधीच कंपायलर न लिहिणाऱ्या प्रोग्रामरने हा खटाटोप का करावा, याला माझं उत्तर हेच आहे.

एलएलव्हीएमचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ख्रिस लॅटनर यांनी विक्रम आडवे यांच्यासोबत इलिनॉय विद्यापीठात २०००मध्ये ते सुरू केलं, आणि आज रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया, क्लँग सगळे त्याच्यावर उभे आहेत. शिकणाऱ्यांसाठी त्यात कॅलिडोस्कोप नावाचा पाठ आहे: पार्सर लिहा, एलएलव्हीएमचा मधला कोड काढा, बाकी सगळं तयार. काम झटपट होतं, आणि नेमका तोच त्याचा तोटा. बदलत्या व्हेरिएबलचा प्रश्न आला की पाठ सांगतो, सगळी स्टॅकवर ठेवा, एक फेरी ती आपोआप हलवून एसएसए रूपात आणेल. एसएसए म्हणजे प्रत्येक नावाला एकदाच मूल्य देणारं रूप. सायट्रन आणि सहकाऱ्यांच्या १९९१च्या निबंधाने ते रूढ केलं आणि आजचे बहुतेक कंपायलर त्यावरच चालतात. ती फेरी काय करते हे न कळताच काम झालेलं असतं. धंद्यासाठी भाषा करायची असेल तर एलएलव्हीएमला पर्याय शोधू नका. शिकायचं असेल तर एकदा, वाईट का होईना, पण स्वतःचा बॅकएंड लिहा आणि मग या.

ऑप्टिमायझेशनच्या अभ्यासात मात्र आपल्या घरची परंपरा आहे, आणि ती पुरेशी कुणाला माहीत नाही. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम प्रोग्रामिंगचं पुस्तक इथल्या पिढ्यांनी परीक्षेपुरतं वाचलं. त्यांचं संशोधन मात्र अर्धवट पुनरावृत्ती काढून टाकण्याच्या प्रश्नावर होतं. इफच्या एका फांदीत 'अ * ब' मोजलं, दुसरीत नाही, आणि दोन्ही जिथे मिळतात त्याखाली पुन्हा 'अ * ब' आलं. एका वाटेने आलात तर काम दुप्पट, दुसऱ्या वाटेने नाही. तेव्हा नेमकं कुठल्या जागी ते गणित हलवायचं, की कुठलीच वाट जास्त लांब होऊ नये? मोरेल आणि रेनव्हॉज यांनी १९७९ साली हा प्रश्न मांडला आणि ढमढेरे यांनी तो पुढे बराच साफ केला. त्याच विभागातले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेलं २००९चं 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे या विषयावरचं जगभर वापरलं जाणारं पुस्तक आहे. जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या खेडकरांच्या कार्यशाळांनी इथल्या कित्येकांना त्या अवाढव्य कोडची पहिली ओळख करून दिली. पवईतून दादरला यावं इतक्या अंतरावर हे काम होत असताना आपली कॉलेजं कॅल्क्युलेटरवर समाधान मानतात, हे मला खटकतं.

आणि आता मागणीही वाढते आहे. न्यूरल नेटवर्कचं काम जीपीयूवर आणि नव्या चिपवर नीट बसवायचं तर त्यालाही कंपायलरच लागतो. टीव्हीएम, एक्सएलए, ट्रायटन ही त्यातली नावं. या कामासाठीचा एमएलआयआर हा पाया गूगलमध्ये घातला गेला. त्याच्या निबंधाच्या लेखकांत बंगळुरूच्या आयआयएससीचे उदय बोंदुगुला आहेत. नेस्टेड लूपची फेरमांडणी करणारं त्यांचं आधीचं प्लूटो हे काम यात पायाभूत ठरलं. या क्षेत्रात पार्सर जवळपास नाहीच. आहेत त्या नुसत्या फेऱ्या, एका रूपातून दुसऱ्या रूपात. पार्सिंग टेबल घोकून आलेल्याला तिथे मुलाखतीत काय विचारतील याची कल्पना करता येते.

कुठल्या भाषेत लिहावा? ज्या भाषेत हात बसलेला आहे तिच्यात. ओकॅमल किंवा रस्टसारख्या भाषेत झाडाच्या प्रकारांची छाननी सोपी जाते हे खरं, पण नवी भाषा आणि नवा विषय एकदम घेतला तर दोन्ही अर्धे राहतात. कुठली भाषा कंपाइल करावी? स्वतःची नको. स्वतःच्या भाषेत अडचण आली की माणूस भाषाच बदलतो. सीचा किंवा पास्कलचा तुकडा घ्या. तिथे नियम दुसऱ्याने केलेले आहेत आणि ताळा बघायला खरा कंपायलर शेजारी आहे.

तो ताळा पहिल्या दिवसापासून हवा. प्रत्येक नव्या गोष्टीसाठी एक छोटा प्रोग्राम आणि त्याचं अपेक्षित उत्तर, एवढं स्क्रिप्टमध्ये बसवलं तरी पुरे. पक्क्या कंपायलरांनाही यातून सुटका नाही. युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाचं साधन केलं. ते वाट्टेल तसे, पण सीच्या नियमांत बसणारे प्रोग्राम बनवतं आणि वेगवेगळ्या कंपायलरांकडून त्यांची उत्तरं मागवतं. उत्तरं जुळली नाहीत तर कुणीतरी चुकलं. तीन वर्षांत त्यांनी ३२५हून जास्त नवे दोष कळवले, त्यात जीसीसी आणि एलएलव्हीएम दोन्ही आले. झाविए लरुआ यांचा कॉम्पसर्ट हा कंपायलर, ज्याचा मधला भाग बरोबर असल्याचा गणिती पुरावा दिलेला आहे, तेवढा त्या भागापुरता अभेद्य निघाला.

सगळ्यात मोठी चाचणी कंपायलरने स्वतःला कंपाइल करण्याची. १९६२ साली एमआयटीमध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्ये लिहून तो इंटरप्रिटरवर चालवला आणि त्याच्याकडून त्यालाच कंपाइल करून घेतलं. जीसीसी आजही तीन टप्प्यांत बांधला जातो. आधी मशीनवर असलेल्या कुठल्या तरी कंपायलरने पहिला जीसीसी, मग पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. दुसरा आणि तिसरा यांच्या ऑब्जेक्ट फाइल ताडून बघतात आणि त्या जुळल्या नाहीत तर बांधणी तिथेच थांबते. पण जुळल्या म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. केन थॉम्पसन यांनी १९८३च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात दाखवून दिलं, की कंपायलरच्या बायनरीत लपवलेली खोडी सोर्समधून पुसून टाकली तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकते, कारण प्रत्येक नवा कंपायलर जुन्याच्याच हातून जन्माला येतो. चिबिसीसीही आता स्वतःला कंपाइल करू शकतो. त्याच्या पहिल्या कमिटपासून तिथवरची वाट नोकरी सांभाळून पुरी करणारे आहेत. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी फॉलो संच हाताने काढून कित्येक वर्षं झालेली असतात.